मधली वीस वर्षं

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आम्ही घर घेतलं, तेव्हा समोर अमेरिकन लष्करातून निवृत्त झालेले एक ब्रिगेडियर जनरल एकटेच राहत. वय नव्वदीच्या पुढे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दूर ओरेगनमध्ये. माझे मिस्टर मोटारीच्या कंपनीत जात, मुलं शाळेत. पुण्यात शिकलेलं टायपिंग मला अजून येत होतं. हे त्यांना कुठून तरी कळलं आणि एका हिवाळ्यात काठी टेकत, बर्फातून ते आमच्या दाराशी आले.

"मॅडम, माझी हकीकत लिहून ठेवायची आहे. हात थरथरतात. मी सांगेन, तुम्ही टाइप कराल?"

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी त्यांच्या किचनमध्ये बसू लागले. पहिलं महायुद्ध दोन आठवड्यांत सांगून झालं. फ्रान्समधला चिखल, मांडीत शिरलेली गोळी, आणि त्यांना पाठीवर घेऊन अर्धा मैल चाललेला सार्जंट. सगळं ते न अडखळता सांगत. मग एके दिवशी एकदम दुसऱ्या महायुद्धावर गेले.

"सर, मधली वीस वर्षं?" मी विचारलं.

"त्यात काही घडलं नाही. सोळा वर्षं मी कॅप्टनच होतो. लढाई नसली की लष्कर कुणालाच नको असतं. टेक्सासात धूळ खाल्ली, पनामात डास मारले, अकरा घरं बदलली. एक परिच्छेद पुरे."

मी एक परिच्छेद लिहिला. पण पुढच्या गुरुवारी, मी मशीनमध्ये कागद घालते न घालते तोच ते आपणहून बोलायला लागले.

मंदीचे दिवस होते. पहिल्या युद्धात लढलेले, आता बेकार झालेले सैनिक सरकारकडे मदत मागायला राजधानीत आले होते आणि बायकापोरांसह झोपड्या बांधून राहिले होते. त्यांना हुसकावून लावायचा हुकूम सुटला. घोडदळाची एक तुकडी यांच्या हाताखाली होती.

"पत्र्याच्या एका खोपटासमोर तो उभा होता. माझा सार्जंट. कडेवर मूल. त्यानं मला ओळखलं, टाचा जुळवल्या आणि सलाम केला."

"मग?"

"सलामाला सलाम द्यावाच लागतो, मॅडम. आमच्यात त्याला पर्याय नाही. माझ्या हातात उपसलेली तलवार होती. मी सलाम दिला नाही. म्हटलं, बाजूला हो. आणि घोडा पुढे घातला."

मग त्यांनी पान मागितलं. भिंगातून दोनदा वाचलं.

"फाडा," ते म्हणाले.

माझे वडील साताऱ्याला पोलिसात हवालदार होते. साहेबांनी सांगितलं की विषय संपला, हेच बघत मी वाढले. मी जनरलसाहेबांसमोर पानाचे तुकडे केले. त्यांनी हळू आवाजात आभार मानले. त्यानंतरही आमच्या बैठका झाल्या, पण तो विषय पुन्हा निघाला नाही. मार्चमध्ये ते गेले.

त्यांची मुलगी घर आवरायला आली. साठीची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मी जेवण घेऊन गेले, तेव्हा ती मीच टाइप केलेली पानं चाळत होती.

"यात मी नाहीच," ती म्हणाली. "मी त्याच वीस वर्षांत जन्मले. आठ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात डॅडी जेवायच्या टेबलावर बोलायचे बंद झाले. आईला वाटलं, तिचं काही चुकलं. मला वाटलं, माझं. तुमच्याशी कधी काही बोलले?"

त्यांनी फाडायला सांगितलं होतं, सांगू नका असं म्हटलं नव्हतं. ही पळवाट आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी सगळं सांगितलं.

ती रडली नाही. "आई हे कळायच्या आधीच गेली," एवढंच म्हणाली, आणि पानं गोळा करू लागली. मी ताटावर झाकण घालून परत आले.

उन्हाळ्यात तिचं पत्र आलं. त्या सार्जंटच्या घरच्यांचा शोध घ्यायचा आहे, त्याचं नाव कळवा.

नाव मी विचारलंच नव्हतं. ते पान फाडतानाही, नाव विचारून ठेवावं असं माझ्या मनात आलं नव्हतं. एवढं दोन ओळींचं उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले.