कीबोर्डखालची चिठ्ठी

लोहाऱ्याजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सांभाळत होतो. परीक्षेचे मार्क कुणीतरी आधीच चोरून उघडून बघतंय, असा मला दाट संशय होता. माझं डोकं मुळातच गरम, त्यात हे. म्हणून मी सापळा लावला. एक खोटं खातं उघडलं, त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला आणि ती ऑफिसातल्या कीबोर्डखाली सरकवली. त्या पासवर्डनं काहीच उघडणार नव्हतं. पण कुणी तो टाकला की माझा मोबाइल वाजणार होता.

तिसऱ्या दिवशी मी स्टँडवर भजी खात असताना मोबाइल वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. चोर लई चिवट निघाला. आज याला सोडत न्हाय, असं म्हणत हातातल्या भज्यांसकट मी पळत सुटलो.

खुर्चीत आमचे म्हातारे हेडक्लार्क बसले होते. चष्मा कपाळावर, चिठ्ठी डोळ्यांजवळ. मी तोंड उघडायच्या आत तेच कडाडले, "काय माणूस हाव हो तुम्ही? असा चुकीचा पासवर्ड लिहून ठेवतेत व्हय? अर्ध्या तासापासून मारतोय, चालंना गेलाय!"

खरं तर ओरडायची पाळी माझी होती. पण रिटायरमेंटला आलेला माणूस इतका मनापासून चिडलेला बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"चुकलं, साहेब," मी म्हणालो आणि खिशातला पेन काढून त्याच चिठ्ठीवर त्यांना खरा पासवर्ड लिहून दिला.