जावक वहीतली कोरी ओळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या टेबलाचे कौतुक झाले, तेव्हा सांगता आले असते. मी हार घेतला आणि खाली बसलो.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत मी कारकून होतो. बाहत्तरचा दुष्काळ चालू होता. टपाल पोत्याने येई — खडीची कामे, चारा, टँकर. इतरांच्या टेबलांवर ढीग असत. माझ्या टेबलावर दौत, टाचण्यांची डबी आणि नीट बांधलेले गठ्ठे. संध्याकाळी मी उठे तेव्हा एकही कागद उघडा नसे. एका माणसाच्या हातून एवढे काम वेळेत होते कसे, हे साहेब इतरांना विचारीत. मला कोणी विचारले नाही — विचारले असते तर?

काम वेळेत होत नव्हते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद जावक वहीत क्रमांक आणि तारखेसह होते. दिवस संपताना मी एक क्रमांक घालून त्यापुढची ओळ कोरी सोडत असे. एखादे पत्र राहून गेले, की ते मागच्या तारखेच्या त्या ओळीत बसवायचे. पत्र आज जाई. वहीत ते गेल्या आठवड्यात गेलेले असे. माझी शिस्त म्हणतात ती ही. यात कोणाचे काय बिघडते — असे मी स्वतःला विचारी आणि उत्तरासाठी थांबत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाला ओढ्यापलीकडच्या एका वस्तीचा अर्ज आला. विहीर आटली आहे, टँकरच्या यादीत नाव घालावे. तलाठ्याचा अहवाल मागवायचा होता. चार ओळींचे पत्र. त्या दिवशी तपासणी होती, टेबल मोकळे दिसायला हवे होते. अर्ज मी ‘अहवालाच्या प्रतीक्षेत’ या गठ्ठ्यात बांधला. पत्र उद्या लिहू म्हटले. लिहिले नाही.

वस्तीवरचे म्हातारे भिकाजी दर बाजारच्या दिवशी येत.

“भाऊसाहेब, आमचा कागुद कुटवर आला?”

तलाठ्याचा अहवाल नाही, असे मी सांगे.

“बाया दोन कोसांवरनं पानी आनत्यात. घागरी झिजल्या, बाया झिजल्या. तुमचा कागुद तेवढा जागचा हालंना.”

ते हसत म्हणत. मी मान वर करीत नसे.

पाच आठवड्यांनी ते साहेबांच्या दारात जाऊन बसले. साहेबांनी मला बोलावले — तलाठ्याला पत्र कधी गेले? पाहून सांगतो, म्हणालो. टेबलाशी आलो, वही पाच आठवडे मागे उलटली. ओळ होती. मी ती भरली, त्याच तारखेची स्थळप्रत, म्हणजे कचेरीत राहणारी नक्कल, करून फायलीला लावली आणि वही साहेबांपुढे ठेवली. दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

तलाठ्यांना सगळे तात्या म्हणत. अकरा वर्षे तो भाग त्यांच्याकडे होता. कारणे दाखवा नोटीस हातात घेऊन ते माझ्याकडे आले, नोंद पाहायला मागितली. ओळीवरून बोट फिरवले.

“पत्र आल्याचं काही आठवत नाही,” ते म्हणाले. मग वही मिटली. “पण तुमच्या वहीत चूक निघायची नाही, भाऊसाहेब. माझ्याच दप्तरात कुठं तरी गहाळ झालं असंल.”

दोन दिवस त्यांनी दप्तर उपसले. खुलाशात लिहिले — पत्र माझ्या हलगर्जीपणामुळे गहाळ झाले. जाताना, मला त्रास झाला म्हणून माझी माफी मागितली. मी काय म्हणालो? “असू द्या.”

तात्यांचा अहवाल आला आणि आठवड्यात टँकर सुरू झाला. तात्यांची वेतनवाढ रोखली गेली आणि बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, राजूरकडे झाली. तात्यांनी आमचे पाणी अडवले, असे वस्तीवर म्हणत. तात्या सामान टेम्पोत चढवत होते तेव्हा वस्तीतले कोणी आले नाही. भिकाजीही नाहीत. ते पाच आठवडे माझे होते. लोकांनी ते तात्यांच्या नावावर धरले. मी कचेरीच्या खिडकीतून टेम्पो जाताना पाहिला. बाहेर गेलो नाही.

त्यानंतरही कोरी ओळ सोडणे मी बंद केले नाही.

पुढे त्या वहीची जपणुकीची मुदत संपली. नष्ट करायच्या दप्तराच्या यादीत ती मीच घातली — एक दिवस आधी नाही, एक दिवस उशिरा नाही. वेळेवर.