अक्कांची अपुरी बातमी

धुळ्याच्या जुन्या पेठेत एखादी गोष्ट नुसती घडून भागत नाही. आमच्या समोरच्या माडीवरच्या अक्कांनी ती खडूने लिहिली, तरच ती घडली असे आमची गल्ली मानते. वर्तमानपत्रे दारोदार पडतात, भ्रमणध्वनी दिवसभर किणकिणत असतात, आणि तरीही सकाळी सातच्या सुमारास दुधाची पिशवी हातात घेतलेली माणसे गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाच्या बाजूच्या भिंतीपाशी थबकतात. तिथे एक काळा फळा आहे. त्यावर अक्कांचे अक्षर असते: गोल, ठसठशीत आणि किंचित उजवीकडे झुकलेले, वाऱ्यात उभ्या असलेल्या ज्वारीसारखे.

अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. उभी हयात त्यांच्या कानांतून सगळ्या गावाचे बोलणे वाहून गेले. लग्ने जुळली, मोडली, माणसे गेली, कापसाचे भाव चढले नि कोसळले. पण त्यातला एक शब्दही त्यांच्या ओठांवर कधी आला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात हा फळा टांगला आणि स्वतःला एक नियम घालून घेतला. "कानांवर आलेलं काही लिहायचं नाही," त्यांनी मला सांगितले होते. "आयुष्यभर कानांनीच जगले गं. आता डोळ्यांना काम देते."

हा नियम त्यांनी ज्या निष्ठेने पाळला, त्या निष्ठेने लोक उपासही पाळत नसतील. शेजारच्या काकूंना नातू झाला आणि काकू पेढे घेऊन आल्या, तेव्हा अक्कांनी पेढा घेतला, पण खडू उचलला नाही. दुपारच्या उन्हात त्या दवाखान्यात गेल्या, दुपट्याचे टोक बाजूला सारून पाहून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ उमटली: "काकूंचा नातू पाहिला. नाक ठीक. रंग अजून ठरायचा आहे." काकू महिनाभर आमच्या बाजूच्या नळावर आल्या नाहीत. एकदा गल्लीत मोठा मांडव पडला, हार आले, फीत कापली गेली, भाषणे झाली. सकाळी अक्कांनी लिहिले: "रस्त्याचे उद्घाटन झाले. रस्ता दिसला नाही." त्या ओळीसमोर लोक एवढ्या संख्येने उभे राहिले की महिन्याभरात रस्ता खरोखरच दिसू लागला. अक्कांनी त्याचीही नोंद केली, पण श्रेय कोणालाच दिले नाही. श्रेय डोळ्यांना दिसत नाही, आणि कारणही दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून काय झाले ते त्या लिहीत, का झाले ते कधीच लिहीत नसत.

खात्याच्या सवयी त्यांच्या हाडांत मुरल्या होत्या. जुन्या लोकांना त्या नावाने हाक मारीत नसत, त्यांच्या जुन्या टेलिफोन क्रमांकाने मारीत. कापडाच्या दुकानातले वृद्ध शेठजी त्यांच्या लेखी कायमचे "सातशे बारा" होते. "काय सातशे बारा, आज शटर उशिरा?" असे त्यांनी रस्त्यापलीकडून विचारले की शेठजी तत्परतेने हात जोडत, तो क्रमांक आठवणारे जगात आता दोघेच उरले आहेत, हे त्यांना ठाऊक होते. कोणी फार वेळ बोलत राहिले तर ट्रंक कॉल तोडण्यापूर्वी सांगावे तसे अक्का शांतपणे म्हणत, "तीन मिनिटं झाली." माझ्या साखरपुड्याच्या दिवशी आमच्या होणाऱ्या व्याह्यांना त्यांनी हे वाक्य ऐकवले, आणि आमचे कार्य वेळेत पार पडले.

खडू त्या साखरेच्या पाण्यात भिजवीत. त्याने अक्षर घट्ट बसते, दमट हवेतही पुसत नाही. सकाळी त्यांच्या ओट्यावरच्या वाटीतून ओल्या चुन्याचा आणि गोडसर असा एक वास येई, शाळेचा आणि पाकाचा एकत्र. उन्हे चढली की त्या गोडीला मुंग्या लागत. काळ्या फळ्यावर त्या दिसत नसत. दिसायची ती फक्त पांढऱ्या अक्षरांवरून सरकणारी एक बारीक थरथर. "वाचू दे त्यांनाही," अक्का म्हणत.

मग पेठेचे रूप पालटू लागले. रुंदीकरणाच्या लाल खुणा भिंतींवर उमटल्या, जुन्या माड्या उतरल्या, सळया आणि वाळूचे ढीग आले. त्या दोन वर्षांत अक्कांचा फळा मी रोज वहीत उतरवून घ्यायला हवा होता, असे आज वाटते. सगळे शहर चौरस फुटांत बोलत होते, आणि अक्का लिहीत होत्या: "चौथ्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घराची पुढची भिंत पडली. आतली खोली निळी होती." किंवा: "पिंपळाची रस्त्यावरची फांदी कापली. चिमण्या तारेवर बसल्या. अकरा." मी कवितेच्या सहवासात वाढले आहे, पण त्या निळ्या खोलीइतकी नेमकी ओळ मला आजवर लिहिता आलेली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला भाजी मंडई होती. कौलारू छप्पर, दगडी ओटे, आणि पहाटेपासून भिजलेल्या कोथिंबिरीचा असा दाट वास की डोळे मिटूनही वाट सापडावी. ती पाडून तिथे नवे व्यापारी संकुल उभे राहायचे होते. जो आज बसतो त्याला नव्या इमारतीत जागा मिळेल, त्यासाठी पाहणी होऊन यादी लागेल, असे जाहीर झाले. यादी लागली. पालेभाज्यांच्या रांगेतल्या एकोणीस बायकांपैकी एकीचेही नाव यादीत नव्हते.

पाहणी झाली होती श्रावणातल्या एका सोमवारी. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर तिचे विसर्जन होते, हे इथल्या रांगत्या मुलालाही माहीत असते. त्या दिवशी फागण्याहून, कुसुंब्याहून पालेभाजी घेऊन येणाऱ्या बायका आपापल्या घरी असतात. नैवेद्याचे रोट झालेले असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, मेथीकडे कोण पाहणार! पण पाहणीला आलेला तरुण परजिल्ह्यातला होता, धुळ्यात येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. त्याने ओटे रिकामे पाहिले. त्याचा विश्वास बसेना म्हणून त्याने आजूबाजूला पुरावा शोधला, आणि तो त्याला मिळाला. आमच्या फळ्यावर त्या दिवशी लिहिलेले होते: "पालेभाजीचे एकोणीसही ओटे आज रिकामे." त्याने फळ्याचे छायाचित्र काढले आणि ते फायलीत लावले.

ही हकीकत फागण्याच्या धुरपाबाईंनी आणली. त्या रांगेत पहिल्या बसत. पाठीने किंचित वाकलेल्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. अक्कांच्या पायरीवर टोपली टेकवून त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्हीन खोटं नही लिखं. पन आमना वटा गया ना वं माय."

"कोण म्हणालं, माझा फळा लावलाय म्हणून?"

"त्या साहेबनीच फोटो दखाडा. तुम्हनंच अक्षर शे ते. मी वाचाले नही शिकनू, पन तुम्हनं अक्षर वळखस."

त्या दिवशी अक्कांच्या वाटीत खडू भिजतच राहिला आणि विरघळून गेला. इतक्या वर्षांत फळा प्रथमच कोरा राहिला. संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले तर त्या अंधारत चाललेल्या खोलीत ताठ बसून होत्या. "धुळ्यातल्या माणसाला कानबाई सांगावी लागत नाही, म्हणून मी लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. "वाचणारा धुळ्याचाच असेल, हे मी कुठे पाहिलं होतं? न पाहताच धरून चालले." त्यांनी स्वतःवर ठेवलेला हा आरोप मला हास्यास्पद वाटला, आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आले.

हरकती घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत होती. अक्कांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. सुनावणीला मी सोबत गेले. मागे एकोणीस बायका, त्यांच्या पदरांना शेपूचा आणि ओल्या मातीचा वास, त्यामुळे ते पंख्याखालचे सरकारी दालन घटकाभर शेतासारखे झाले. लिपिकाने विचारले, "हरकत कोणाविरुद्ध?"

"माझ्या बातमीविरुद्ध."

"आणि हरकत घेणारे?"

"मीच."

लिपिकाने पेन खाली ठेवले. "आजी, दोन्ही रकान्यांत एकच नाव चालत नाही."

"मग रकाना वाढवा," अक्का म्हणाल्या. "मी दोन्हीकडे आहे."

अधिकारी मध्यमवयीन, थकलेले आणि सज्जन दिसत होते. त्यांनी फायलीतले छायाचित्र पुढे सरकवले. "हे तुम्हीच लिहिलंय ना? मग हे खोटं होतं का?"

"नाही. खरं होतं. अपुरं होतं."

"म्हणजे?"

"ओटे रिकामे होते, कारण त्या दिवशी कानबाईचं विसर्जन होतं. ते कारण मी लिहिलं नाही. ही माझी चूक. त्यांची नाही."

मागून धुरपाबाई मध्येच म्हणाल्या, "साहेब, कानबाईना दिन आम्ही मंडईमा बसतूत, तर कानबाई आमना घर बसती का?" सगळ्या बायका खळखळून हसल्या. साहेब हसू दाबत खिडकीबाहेर पाहू लागले. मग ते पुन्हा गंभीर झाले. सणाचे त्यांना पटले, पण कागदावर एका दिवसाची पाहणी होती, आणि तिच्यासमोर ठेवायला बायकांकडे एकही कागद नव्हता. अक्कांनी ते ऐकून घेतले. मग त्या उठल्या आणि ऑपरेटरच्या त्या जुन्या, सपाट, स्वच्छ आवाजात सांगू लागल्या: "पहिला ओटा, फागण्याची धुरपाबाई, मेथी आणि शेपू, डाव्या बाजूला पाण्याचा डबा. दुसरा ओटा..." एकोणीसही नावे, एकोणीसही पाट्या, कोणाची जुडी सुतळीने बांधलेली आणि कोणाची केळीच्या सोपटाने, हे सगळे त्यांनी कोठेही न अडखळता सांगितले. मध्ये एकदा साहेबांनी बोलायला तोंड उघडले, तेव्हा तीन मिनिटे झाल्याची जाणीव मला झाली. पण अक्कांना त्या दिवशी ती झाली नाही.

"हे लिहून ठेवा," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि उद्या पहाटे सहाला येऊन ताडून पाहा. एक जरी चुकलं तर मी फळा उतरवते."

साहेब स्वतः आले. सोबत तो पाहणीवाला तरुणही होता, ओशाळलेला. धुक्यात दोघे ओट्यांसमोरून हातातला कागद वाचत हळूहळू चालत गेले, आणि अक्का मागून, हात पाठीशी बांधून. अकराव्या ओट्यापाशी तरुण थांबला. "इथे तुम्ही पालक सांगितला होता. हा तर आंबट चुका आहे."

ओट्यावरची बाई कपाळाला हात लावत म्हणाली, "पालक कालदिन सरना ना भाऊ, मी काय करू!"

साहेबांनी कागदावर पालकापुढे चुका लिहिले आणि पुढे चालू लागले. एकोणीस नावे यादीत आली.

दोन वर्षे त्या बायका नदीकाठच्या पत्र्यांखाली बसल्या, आणि मग संकुल उभे राहिले. तळमजल्यावर मागच्या बाजूला पालेभाजीचे गुळगुळीत काळे ओटे आहेत. तिथे दिव्यांचा उजेड पांढरा पडतो, फरशी सारखी पुसली जाते, आणि कोथिंबिरीचा वास दारापर्यंतही पोचत नाही. तरी रांग तीच आहे, क्रम तोच आहे. फक्त धुरपाबाई नाहीत. त्यांचे दोन्ही गुडघे गेले, आणि लेक त्यांना शस्त्रक्रियेसाठी सुरतेला घेऊन गेली. जाण्यापूर्वी त्या अक्कांच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. "मन्हा वटा संभाळज्यात, अक्का. दिवाळी लगून मी येसू." आणि नव्या संकुलाचा नियम असा, की ओटा सलग पंधरा दिवस रिकामा आढळला तर तो रद्द होतो.

म्हणून अक्का आता रोज पहाटे तिथे बसतात. फळा दुपारी लिहून होतो, कधी होतही नाही. पेठेच्या बातम्या थोड्या शिळ्या झाल्या आहेत आणि लोक कुरकुरतात. विक्री त्यांना मुळीच जमत नाही. परवा एका गिऱ्हाइकाला त्या सांगत होत्या, "ही जुडी कालची आहे. पलीकडून घ्या, तिची ताजी आहे." पलीकडची बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "व माय अक्का, तुम्ही काय दुकान चालावशात!"

तपासणीचा लिपिक नवा आहे. त्याने वही उघडून विचारले, "आजी, हा ओटा तुमचा?"

"धुरपाबाईंचा."

"त्या कुठे आहेत?"

"ते मला दिसत नाही. ओट्यावर माणूस बसलंय आणि मेथी आहे, एवढं तुम्हाला दिसतंय ना? तेवढं लिहा."

त्याने तेवढे लिहिले.

दिवाळी होऊन गेली. सुरतेहून दोनदा लेकीचा फोन आला. जखम भरते आहे म्हणाली, पण पाऊल टाकवत नाही. नंतर आला नाही. काल सकाळी मी भाजी घ्यायला गेले तेव्हा अक्का एका ओल्या फडक्याने मेथीवर पाणी शिंपडत होत्या. धुरपाबाई येतील का, असे मी विचारले. त्यांनी हातातली जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि पुन्हा पाणी शिंपडू लागल्या. निघताना मी वळून पाहिले. ओटा चांगला रुंद आहे, एका माणसाला ऐसपैस पुरेल असा. पण अक्का अगदी कडेला, अंग चोरून बसल्या होत्या, आणि उरलेली जागा त्यांनी स्वच्छ पुसून मोकळी ठेवली होती.