घाटावर कबूल केलेला पिझ्झा

“चांगला झालाय म्हणू नका. नाव ठेवा.”

दारात काका, त्यांच्या हातात स्टीलची ताटली, ताटलीत पिझ्झाचा एक तुकडा. नोकरीभर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर काम केलेला माणूस. काट्यावरचा आकडा वाचावा तसा ते माझा चेहरा वाचत. माझा पहिला घास गिळून होईपर्यंत उंबऱ्यातून हलत नसत.

नाशिकरोडला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते राहायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, म्हणून मला ‘ग्रंथपाल’ म्हणायचे, मी निवृत्त झाल्यावरही. तुमच्याही जिन्यात असा एखादा शेजारी असेल, ज्याची बेल न बघता ओळखू येते. काकांची बेल लागोपाठ दोनदा वाजायची, आणि दुसरी पहिलीपेक्षा लांब असायची.

पिझ्झा खरं तर काकूंचा. रविवारी संध्याकाळी त्या बेकरीतून तयार बेस आणत. वर कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, किसलेलं चीज. मग तव्यावर ठेवून झाकण. दोन तुकडे आमच्याकडे यायचेच. काका चवीने खात आणि खाताखाता नावं ठेवत.

“हा पुठ्ठा आहे. पुठ्ठ्यावर भाजी टाकली म्हणून त्याचा पिझ्झा होतो का?”

“बसल्या जागेवरून नावं ठेवायला काय जातं? एकदा पीठ मळून करून दाखवा की,” काकू म्हणायच्या.

“दाखवीन.”

“कधी?”

“दाखवीन म्हटलं ना!”

दोन्ही घरांची दारं उघडी असायची. हे बोलणं आम्हाला पाठ झालं होतं.

मग काकू गेल्या. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे पुष्कळ. एखादा खाली यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं, म्हणतात. मी हे मानत नाही. पण घाटावर, उन्हात, ताटकळत उभं राहिल्यावर आपण काय मानतो याला फारसा अर्थ उरत नाही. नातेवाईक एकेक गोष्ट कबूल करू लागले. मुलगा म्हणाला, “आई, बाबांना मी बंगळुरूला घेऊन जाईन.” धाकटी बहीण म्हणाली, “ताई, वणीला देवीची ओटी मी भरीन.” कावळे ढिम्म.

शेवटी काका पुढे झाले. हात जोडून अगदी हळू म्हणाले, “पिझ्झा करीन. पीठ स्वतः मळून.”

कावळा आला. गुरुजींनी चमकून माझ्याकडे पाहिलं, जणू काही पिझ्झा मीच मधे आणला होता.

मुलाने बंगळुरूचा विषय पुन्हा काढला तेव्हा काका म्हणाले, “तुझं कबूल केलेलं तिने घेतलं नाही रे. माझं घेतलंय.” आणि ते नाशिकलाच राहिले.

घरचा गॅस त्यांनी तोपर्यंत कधी पेटवला नव्हता. पहिल्या खेपेला यीस्टवर खळखळ उकळतं पाणी ओतलं. पीठ विटेसारखं बसून राहिलं.

“उकळतं कशाला हो घातलंत?” माझ्या बायकोने कपाळाला हात लावला.

“वाफ धरल्याशिवाय काम सुरू होतं होय?”

“काका, विरजण लावताना दूध कसं घेतो? बोट बुडवलं की कोमट लागेल असं. तेवढंच.”

“मला काय माहीत? विरजण ती लावायची,” काका म्हणाले.

थंडी सुरू झाली. नाशिकच्या थंडीत पीठ फुगायला तयार होईना. मग काका पिठाच्या पातेल्याला स्वतःची कानटोपी घालून ते सेट-टॉप बॉक्सवर ठेवू लागले, कारण घरातली तेवढीच एक जागा कायम ऊबदार. आम्ही गेलो की ते तोंडावर बोट ठेवायचे, “हळू. पीठ झोपलंय.” आवाज बंद केलेली क्रिकेटची मॅच, टीव्हीखाली टोपी घातलेलं पातेलं, समोर उघड्या डोक्याचे, कुडकुडणारे काका.

ओव्हन नव्हता. जाड बुडाच्या कढईत मीठ तापवायचं, त्यावर जाळी, जाळीवर पिझ्झा, वर घट्ट झाकण. झाकणाजवळ कान नेऊन ते आतलं ऐकायचे. काय ऐकू यायचं त्यांनाच ठाऊक.

संक्रांतीच्या सुमाराला एक पिझ्झा जमला. कडा फुगलेली, खाली तपकिरी ठिपके, दाताखाली आधी कुरकुरीत आणि मग मऊ. काकांनी पहिला तुकडा काकूंच्या फोटोपुढे ठेवला आणि त्यावर तुळशीचं पान.

“अहो काका, नैवेद्यच केलात की!” बायको म्हणाली.

ते हसले नाहीत. “ग्रंथपाल,” ते म्हणाले, “मी नावं ठेवायचो, ते तिला आवडायचं असं मी धरून चाललो होतो. आवडायचं का हो?”



पुढच्या रविवारी बेल वाजली आणि ते वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. चांगला झालाय म्हणू नका. नाव ठेवा. मी जरा विचार करून म्हटलं, “सॉस आंबट झालाय.”

काकांचा चेहरा उजळला. “हां! आता कसं घरात पिझ्झा झाल्यासारखं वाटलं!”

त्यानंतर दर रविवारी मी एक खोट शोधून ठेवू लागलो. काही खऱ्या असत, बऱ्याचशा नसत. त्यांना ते कळायचं. तरी घरी जाताना ते खूश दिसायचे.

अशाच एका रविवारी दुपारी त्यांच्या छातीत दुखू लागलं. जिना उतरताना माझा हात घट्ट धरून म्हणाले, “पीठ ठेवलंय. बघा.” दवाखान्यातून परतल्यावर मी त्यांचं दार उघडलं, टोपी काढली. पीठ पातेल्याच्या काठाशी आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पिझ्झा भाजला. सकाळी भेटायला जाऊ तेव्हा त्यातल्या चुका एकेक करून सांगायच्या असं ठरवलं होतं. रात्री बंगळुरूहून पोचलेल्या त्यांच्या मुलाचा पहाटेच दवाखान्यातून फोन आला.

दहाव्याला पुन्हा रामकुंड. मुलाने मनात काय काय योजलं असेल. मीही एक वाक्य तयार ठेवलं होतं. कावळा अडला की पुढे होऊन मीच ते बोलणार होतो, गुरुजींनी कसंही बघितलं तरी. पण पिंड ठेवून मुलगा मागे सरकतो न सरकतो तोच कावळा उतरला. पाठोपाठ आणखी दोन.

“काही इच्छा राहिली नव्हती हो त्यांची,” कुणीतरी समाधानाने म्हणालं. माणसं चपला शोधायला लागली.

मी तिथेच उभा राहिलो. माझं वाक्य आता कुणालाच नको होतं.

“त्या दिवशीचा पिझ्झा खालून जळाला होता, काका,” मी हळूच म्हटलं. “मधे कच्चा राहिला. चीज सगळं एका बाजूला गेलं.”



“ठेवा आता नाव.”

कावळा खाली मान घालून खात राहिला.