बाळंतिणीच्या खिडकीला पट्ट्यांचे पडदे

सुगंधाबाईंच्या घरातला झाडू कधी कोपऱ्यात विसावलेला कुणी पाहिला नाही. भद्रावतीच्या पलीकडं, उघड्या कोळसाखाणीच्या कडेला त्यांचं घर. सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी पावलं उमटायची. शेजारच्या कलाबाई चिडवायच्या, "फरशी त कवाच झिजली व, आता खालची माती पुसून राह्यली काय?"

"तुह्या घरची धूळ बी माह्याच इथी येते," सुगंधाबाई म्हणायच्या. "ये, घेऊन जाय आपली आपली."

या हिवाळ्यात मात्र त्यांची थट्टा आटली. लेक करिश्मा आरमोरीला दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कुणाला विचारून ठरत नाही. तरी जावई राजदीप फोनवर चाचरत म्हणाला, "आई, तिले दम लागते. डॉक्टरनं धुळीपासून जपाले सांगतलं. कपड्याचे पडदे धूळ धरते. ते पट्ट्यांचे लावता आले त पाहा, पुसता तरी येते. मी एकदा येऊन खोली पाहून जातो, मंग तिले आणतो."

पाहून जातो! जावयानं येऊन सासूची खोली तपासायची! शब्द विळ्यासारखे लागले. पण लेकीपुढं कसला आलाय मान. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भद्रावतीहून धनराजला बोलावलं. खाणीच्या कॉलनीतल्या बंगल्यांचे पडदे तोच लावायचा.

धनराजनं खिडकीच्या वर ड्रिल टेकवलं मात्र, पोपडा सुटला आणि ओंजळभर माती खाली आली.

"बाई, हे भिंत हाय का शिळी भाकर? स्क्रूसाठी ठोकलेली गिट्टी धरतच नाई. स्क्रू फिरून राह्यला नुसता."

"रोज हादरे खाते थे. तू खाल्ले असते त तू बी असाच भुरभुरला असता."

भिंत सोडून त्यानं खिडकीच्या सागवानी चौकटीलाच ट्रॅक ठोकला. मग एकेक पट्टी हुकात अडकवली, खाली वजनं सरकवली, बारीक मण्यांच्या साखळीनं सगळ्या एकमेकींना जोडल्या. बाजूची साखळी ओढली तशा पट्ट्या अंगावर अंग टाकून मिटल्या. सुगंधाबाई पाहतच राहिल्या. बँकेत असते तशी दिसत होती खोली.

सुगंधाबाईंचे यजमान, खाणीतून रिटायर झालेले गुणवंतराव दारात उभे होते. "अबे धनराज, झडपा आत उघडते ना? तुहा ट्रॅक आडवा आला. आता खिडकी उघडाची कशी?"

धनराजनं झडप ओढून पाहिली. ट्रॅकला थडकून ती थांबली. त्यानं डोकं खाजवलं.

प्रश्न साधा नव्हता. दुपारी खाणीत सुरुंग उडायचे आणि त्याआधी भोंगा व्हायचा. भोंगा झाला की अख्खं गाव चुलीवरचं दूध सोडून खिडक्या उघडायला धावायचं. बंद खिडकीची काच दणक्यानं तडकते, उघडीची वाचते. धूळ आत येते, ती येऊ द्यायची.

"राहू दे," सुगंधाबाई म्हणाल्या. "आज नाई उघडत खिडकी."

"अन् भोंगा?"

"भोंग्याले सांगा, आमच्या इथी जवाई येऊन राह्यला."

राजदीप आला तो जेवणाच्या वेळेला. खोलीत गेला, पट्टीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. साखळी एकदा ओढली, एकदा सोडली. खिडकीखाली पलंग, त्यावर धुतलेली गोधडी. त्याचा चेहरा सैलावला.

"मस्त झालं, आई. मले वाटे नाई जमणार. शुक्रवारी घेऊन येतो तिले."

सुगंधाबाईंनी पानं वाढली. धनराजलाही त्यांनी जेवायला बसवलं, त्याच्या पानात जास्तीची पोळी टाकली. "वाढून राह्यली का मले पोळ्यांखाली पुरून राह्यली, बाई?" तो हसला.

तेवढ्यात भोंगा झाला.

सवयीनं त्या उठल्या आणि तशाच खाली बसल्या. कलाबाईंकडच्या झडपा धडाधड उघडल्याचं ऐकू आलं. मग दणका. ताटातलं वरण थरथरलं. पट्ट्या एकमेकींवर खडखडल्या, झुलल्या, सावकाश जागेवर आल्या. त्यांच्यामागं काहीतरी बारीक वाजलं.

"बस, इतकंच?" राजदीप म्हणाला. "पट्ट्यांनी पेललं पाहा!"

गुणवंतराव मान वर न करता घास चिवडत राहिले. त्यांनीही ते वाजणं ऐकलं होतं. गप्प राहिलं असतं तर शुक्रवारी लेक घरी आली असती.

सुगंधाबाई उठल्या. त्यांनी बाजूची दोरी ओढून पट्ट्या एका अंगाला सारल्या. दोन काचा आरपार तडकल्या होत्या. तिसरीचा लांब तुकडा पट्ट्यांच्या फटीतून निसटून पलंगावर पडला होता, उशीशी. रिकाम्या चौकटीतून काळसर धूळ निवांत आत येत होती.

राजदीप जेवता हात तसाच धरून दारात आला. "रोज होते हे?"

"सुट्टी सोडून."

"मंग पट्ट्या काढून टाकू. भोंग्याले खिडकी उघडत जाऊ..."

"मंग धूळ, जवाईबापू."

"बाजूची खोली?"

"तिच्यावर दुसरं आभाळ नाई." त्यांनी काच उशीवरून उचलली. "नका आणू तिले."

"बाई, मी नवी काच बसवून देतो," धनराज मागून म्हणाला.

"उद्या बी भोंगा हाय, बाबू."

राजदीप निघाला असेल नसेल, तोच करिश्माचा फोन. "आई, पसंत पडली ना व खोली त्यांले?"

"पडली."

"मंग मी बॅग भरू?"

सुगंधाबाईंनी गुणवंतरावांकडं पाहिलं. ते अंगणाकडं पाहत होते. "नको भरू. तिकडंच होऊ दे तुहं."

पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. ओढल्यासारखा, धापेचा. मग करिश्मा म्हणाली, "तू तरी येशीन ना? माह्याजवळ राहशीन?"

"लेकीच्या सासरी महिनाभर कोण राह्यते व? बारशाले येतो. पाहुण्यावानी."

आत धनराज स्टुलावर उभा होता. "पट्ट्या काढू का राहू देऊ, बाई?" त्यानं दोनदा विचारलं. मग पट्ट्या तशाच ठेवून स्वतःच खाली उतरला आणि आपलं सामान भरू लागला.