मागचं दार

१२ डिसेंबर. साइटवर न्यायच्या नकाशांच्या घड्या घालत होते. तिसऱ्या प्रतीवर हात थांबला. जयगड रस्त्यावरच्या घराच्या स्वयंपाकघराला मागचं दारच नव्हतं.

नकाशा काढला होता पुण्याहून इंटर्नशिपला आलेल्या मुलीने. ती म्हणाली, "दार काढल्यामुळे ओटा दोन फूट वाढला, मॅडम. तुम्हीच सही केलीत."

केली होती. न बघता.

पहिली प्रत आधीच गवंड्याकडे होती आणि मागच्या भिंतीचं काम सुरू होतं. त्याचा फोन लागेना. मला खुर्चीत बसवेना. सिमेंट कच्चं आहे तोवर, एक-दोन दिवस, जांभ्याचे चिरे ठोकून सुटतात. एकदा पक्कं धरलं की भिंत फोडावी लागते. मुलीला स्कूटरवर मागे घेतलं आणि निघाले.

चिऱ्यांचे चार थर चढले होते, सलग, दाराची जागा न सोडता.

"मला खटकलं होतं," गवंडी म्हणाला. "पण नकाशात नाय, तर मी कशाला बोलू?"

शेजारच्या जुन्या घराच्या मागल्या दाराशी काकी बांगडे साफ करत बसल्या होत्या. नव्या घरात राहणार त्या. नकाशा मात्र त्यांच्या मुंबईतल्या मुलाने फोनवर बघून पसंत केलेला.

"काय गो बाय, नव्या घरात मासळी कुठं साफ करायची?"

"सिंकमध्ये, काकी," मुलगी म्हणाली.

"आणि वास?"

"तो पुण्याला धाडायचा," गवंडी म्हणाला. मुलगी हसली नाही.

दार हवं होतं तर आधी बोलला का नाहीत, असं मी काकींना विचारलं.

"मला कोणी विचारलान? आणि मागल्या दाराशिवाय घर असतं, हे मला काय ठाऊक?"

मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझं सर्टिफिकेट अडेल का?"

"सही माझी आहे. काकींच्या मुलाला फोन मी करते."

मुलगा आधी कुरकुरला. आईला नकाशा दाखवला होता का, असं मी विचारलं. मग म्हणाला, "नाही दाखवला. ठेवा मागचं दार."

१३ डिसेंबर. सकाळी सातला मुलीला टेप देऊन जुन्या घराच्या मागल्या दाराशी काकींच्या शेजारी बसवलं. पाट कुठे, पाण्याची बादली कुठे, उठताना हात कशावर टेकतात, सगळं मोजून लिही म्हटलं. ती उकिडवी बसली, पाय अवघडले तरी उठली नाही. तिने आकडे सांगितले, तसा मी खडूने चिऱ्यांवर दार आखलं आणि गवंड्याबरोबर वरचा थर उतरवायला लागले.