पन्नाशीचा डबा

भांड्यांच्या दुकानात आज एक नवं जोडपं डब्यावर नाव घालून घेत होतं. यंत्राच्या त्या किर्र आवाजाने माझे दात शिवशिवले आणि माझाच शहाणपणा आठवला.

आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, तेव्हा याच दुकानात नावं फुकट घालून मिळत होती. फुकट म्हटल्यावर मी कसला थांबतोय! पन्नासाव्या वाढदिवसाच्या लाडवांसाठी मोठा डबा घेतला आणि त्यावर दोघांची नावं अन् 'लग्नाची पन्नास वर्षे' असं चार वर्षं आधीच कोरून घेतलं.

"अहो, तोवर दोघं असू का आपण?" ही म्हणाली.

"असू का म्हणजे? मी ठरवलंय!"

दुसऱ्याच वर्षी ती गेली. ठरवणारा तेवढा उरला.

आज दुकानदाराला विचारलं, "कोरलेलं पुसता येतं का हो?"

"नाही काका. घासलं तर पत्राच जाईल."

शेजारी तो नवरा बायकोला सांगत होता, "पुढच्या डब्यावर मुलांची नावं!" त्याला सावध करून काय उपयोग? मला हिने सांगितलं होतंच की. मी कुठे ऐकलं?

उद्या पन्नास वर्षं पूर्ण होतात. सगळ्या बेतातला एकटा डबाच ठरल्याप्रमाणे तयार आहे.